समोरच्या दुकानातला आवाज

८ जुलै १९७३, रविवार

ही डायरी कॅरोल कंपनीची आहे. कंपनी दर जानेवारीला आपल्या एजंटांना एकेक पाठवते. यंदाचीही आली, ह्यांच्या नावाने. हे गेल्या पावसाळ्यात काविळीने गेले ते मुंबईच्या कचेरीत कुणाला कळलेलं नसावं, किंवा कळूनही शिरस्त्याप्रमाणे पाठवली असावी. सहा महिने कपाटावर पडून होती. आज दुकानात झाडलोट करताना हाताला लागली. एवढे कोरे कागद वाया जाऊ देणं मला जमत नाही, म्हणून लिहायला बसले.

आमचं दुकान संगमनेरच्या पेठेत. रेडिओ, ट्रान्झिस्टर, दुरुस्ती. मी शाळेत गेले नाही. लग्नानंतर दुकानात बसून रेडिओबरोबर येणाऱ्या माहितीपत्रकांवर वाचायला शिकले. त्यामुळे ‘सूचना’ आणि ‘सावधान’ हे शब्द मला ‘घर’ आणि ‘कमळ’ यांच्या आधी वाचता आले. पुढे वर्तमानपत्र, मग वाचनालयातली पुस्तकं. आता वाचल्याशिवाय दिवस जात नाही.

लेक बेलापूरला दिली आहे. ती म्हणते, दुकान काढून टाक आणि इकडे ये. जावई भले आहेत. पण तिथे जाऊन मी दिवसभर काय करू?

१४ जुलै, शनिवार

बाजारचा दिवस. आजही लांबच्या एका गावाहून एक म्हातारबाबा आले. वर्षभराने सेट दुरुस्तीला आणलेला. दारातूनच म्हणाले, “मालक न्हाईत व्हय?” मी सांगितलं. ते पायरीवर बसले. त्यांना पाणी दिलं. पाणी पिऊन म्हणाले, “लई हसायचे.”

बाजाराला असं कुणी ना कुणी येतंच. ज्यांना कळलं त्यांचं कळून झालं, पण लांबची माणसं अजून येतात आणि मला पुन्हा पहिल्यापासून सांगावं लागतं. पहिले काही महिने वाईट वाटायचं. आता वाटतं, त्या माणसाच्या घरी आत्तापर्यंत हे जिवंत होते.

आज समोरून तीन गिऱ्हाइकं आमच्याकडे आली. समोर मार्तंडरावांचं दुकान, सुरदीप कंपनीची एजन्सी. ते म्हणे त्यांना सांगतात, “मला वेळ नाही, समोर जा.” मी आमच्या बन्सीला म्हटलं, बघ, माणूस म्हातारा झाला, धंद्यातलं लक्ष उडालं. बन्सी ह्यांच्या वेळेपासूनचा आमचा मेकॅनिक, पन्नाशीचा. तो नुसतं “व्हय” म्हणाला आणि सेट उघडायला लागला.

१५ जुलै, रविवार

मार्तंडरावांविषयी काल लिहिलं ते अपुरं राहिलं.

पंधरा वर्षं ह्यांचं आणि त्यांचं पटलं नाही. कॅरोल आणि सुरदीप या दोन कंपन्या मुंबईत जशा भांडतात तसे हे दोघे पेठेत भांडायचे. सुरदीपने ट्रान्झिस्टरची किंमत उतरवली की मार्तंडराव दाराशी फलक लावायचे. मग कॅरोलवाले चामड्याचं कव्हर फुकट द्यायचे आणि हे ते कव्हर रस्त्याकडे तोंड करून टांगायचे. एकदा मार्तंडरावांनी पाटी लावली, ‘येथे वाजणारे रेडिओ मिळतील.’ ह्यांनी दुसऱ्या दिवशी पाटी लावली, ‘येथे वाजत राहणारे रेडिओ मिळतील.’ आठवडाभर पेठ हसत होती.

हे गेले तेव्हा दहाव्याला मार्तंडराव आले. पायरीखाली उभे राहिले आणि एक शब्द न बोलता निघून गेले. भांडण असलं तरी माणसाने अशा वेळी दोन शब्द बोलावेत. त्यांच्या पत्नी लीनावहिनी मात्र माणुसकीच्या आहेत. त्या आत येऊन माझ्याजवळ बसल्या होत्या.

२४ जुलै, मंगळवार

कॅरोल कंपनीचे एरिया मॅनेजर आले. राधाकृष्ण साहेब. पस्तिशीचे, गळ्यात टाय, हातात चामडी बॅग. म्हणाले, “नमस्कार मॅडम.” मला आजवर कुणी मॅडम म्हटलं नव्हतं. बन्सी मागे वळून बघायला लागला, कोण आलं म्हणून.

त्यांनी गोड बोलून सगळं सांगितलं. ऑक्टोबरात पुण्याला टीव्ही सुरू होणार. सिंहगडावर मनोरा उभा राहतोय. मुंबईत गेल्या वर्षी सुरदीपने कॅरोलच्या आधी सेट बाजारात आणले, ते कंपनीला फार लागलंय. पुण्याच्या भागात तरी कॅरोल पहिली असली पाहिजे.

“एजन्सी रंगनाथरावांच्या नावावर आहे, मॅडम. ती तुमच्या नावावर करायची तर कंपनीला कामगिरी दिसली पाहिजे. दसऱ्यानंतर आठवडाभरात टीव्हीची दहा बुकिंगं द्या. नाहीतर संगमनेरात दुसरं दुकान बघावं लागेल.”

मी विचारलं, “सिंहगडावरचं चित्र इथे दिसेल का?”

“उंच एरियल लावलं की दिसेल.”

“मग आधी एक सेट द्या. मी बघते, गिऱ्हाइकाला दाखवते. पटलं तर त्याच्या घरी आठ दिवस नांदवते. मग बुकिंग.”

“नांदवते म्हणजे?”

बन्सीने सांगितलं. हे कुठलाही सेट आठ दिवस गिऱ्हाइकाच्या घरी ठेवायचे. गावोगाव स्टेशन सारखं लागत नाही. कुठे डोंगर आडवा, कुठे विजेची तार जवळ. आठ दिवसांत सेट त्या घरी नांदला तरच पैसे घ्यायचे. नाही नांदला तर उचलून आणायचा. कित्येक सेट असे परत आले. पण विकलेला सेट घेऊन कुणी कधी भांडायला आलं नाही.

साहेब हसले. “रेडिओचं ठीक आहे, मॅडम. टीव्ही म्हणजे सून नव्हे.”

पण एक सेट पाठवतो म्हणाले.

एजन्सी गेली तर नवे सेट नाहीत, कंपनीचे सुटे भाग नाहीत. नुसत्या दुरुस्तीवर दुकानाचं भाडं निघणार नाही. बन्सीला काय सांगायचं? आणि मग बेलापूर.

२ ऑगस्ट, गुरुवार

वर्तमानपत्रात आज कॅरोलची अर्धं पान जाहिरात. ‘चित्र असे, की हात लावावासा वाटेल.’ परवा सुरदीपची पूर्ण पान होती. आतल्या पानावर बातमी, की सुरदीपवाले परदेशी सुटे भाग आणून देशी म्हणून विकतात अशी कॅरोलची सरकारकडे तक्रार. सुरदीपचं म्हणणं, कॅरोल मुळातच परदेशी, तिने देशीपणाच्या गोष्टी करू नयेत. सगळं नीट दोनदा वाचलं. एका चुलीवर रांधणाऱ्या दोन जावांचं भांडण वाचल्यासारखं वाटलं. दोघींचंही थोडं खरं, आणि घरातली माणसं उपाशी.

संगमनेरात चित्र दिसेल का, हे मात्र कुठल्याच जाहिरातीत नाही.

११ ऑगस्ट, शनिवार

आप्पासाहेब दुकानात आले. पलीकडच्या एका गावचे मोठे बागायतदार, उसाचे. आमच्याकडूनच त्यांनी चार रेडिओ नेले, त्यातला एक गोठ्यात आहे.

“वैनी, टीवी कवा येतुया?”

“अजून बघितला नाही मी, आप्पासाहेब.”

“बघायचं काय त्यात? पयला मला पायजे. आमचा चुलतभाऊ पुंजाराम सुरदीपचा घेनार म्हनतुय. त्याच्या आदी माज्या घरी पायजे. एक दिस आदी आला तरी बास.”

मुंबईच्या दोन कंपन्या पुण्यासाठी धावतायत, आणि इथे दोन चुलतभाऊ एका दिवसासाठी. मला हसू आलं. आप्पासाहेबही हसले, पण ते खरंच बोलत होते.

१९ ऑगस्ट, रविवार

आज एक गोष्ट कळली. लिहून ठेवते.

काल एका जुन्या व्हॉल्व्हच्या रेडिओसाठी बन्सी अडला होता. तो व्हॉल्व्ह कॅरोल आता पुरवत नाही. आज सकाळी लीनावहिनी झाकलेली वाटी घेऊन आल्या. “कढी आहे हं, हिंदकळू देऊ नका.” पूर्वीही त्या अधूनमधून अशी वाटी घेऊन यायच्या आणि परस्पर ह्यांच्याकडे द्यायच्या. मला थोडं खटकायचं. मी काय कढी करत नव्हते?

आज झाकण मी काढलं. आत कापसात तो काचेचा व्हॉल्व्ह.

बन्सी गालात हसत होता. “मालकीनबाई, धा वरसं कढी येतीया. आपन एकदा बी भातावर घेतली न्हाई.”

दुसऱ्या कंपनीचा माल दुकानात ठेवायचा नाही असा दोन्ही कंपन्यांचा नियम. म्हणून ही वाट. धंद्याची सोय म्हणायची. दुश्मनीतही माणूस सोय बघतोच.

भांडं रिकामं परत पाठवू नये, म्हणून मी वाटीत लिंबाचं लोणचं घालून पाठवलं. तासाभराने रस्त्यापलीकडून मार्तंडराव ओरडले, “वहिनी, लोणच्यावर रेडिओ चालत नाही हो!” पेठेत कुणाला काही कळलं नाही. बन्सीने हसत एक कॉइल शोधली आणि मुकाट्याने देऊन आला. ह्यांचा तसा प्रघात होता म्हणे, काही आलं की काही जायचं.

हे मला कधी बोलले नाहीत. त्याचा राग आला की आनंद झाला, ते अजून ठरत नाही. एका घरात राहूनही दहा वर्षं एक वाटी माझ्यापासून झाकलेली राहिली.

४ सप्टेंबर, मंगळवार

गणपतीत दुरुस्त्या पुष्कळ. हात दुखतात. समोरून अजूनही गिऱ्हाइकं येतातच. मार्तंडराव दिवसभर दाराशी बसून वर्तमानपत्र वाचतात. असा आळस या माणसात पूर्वी नव्हता.

२५ सप्टेंबर, मंगळवार

गेल्या आठवड्यात सेट आला. गवतात बांधलेला, लाकडी पेटीत. पुढे काचेचा फुगीर पडदा. बंद असताना त्यात आपलंच तोंड दिसतं, जरा रुंद. बन्सीने केस नीट केले.

साहेबांनी पाठवलेल्या माणसांनी गच्चीवर बांबू जोडून उंच काठी उभारली, वर ॲल्युमिनियमच्या नळ्या. तिसऱ्या दिवशी मार्तंडरावांच्या माडीवर त्याहून हातभर उंच काठी. आमच्या माणसांनी आमची आणखी वाढवली. आता पेठेत येणारा प्रत्येक जण मान वर करूनच चालतो. काल एक जण तसाच चालताना भाजीवालीच्या टोपलीत गेला.

४ ऑक्टोबर, गुरुवार

परवा पुण्याला टीव्ही सुरू झाला. आज संध्याकाळी दोन्ही दुकानांत दाखवायचं ठरलं होतं. साहेब दुपारीच आले.

सकाळची गोष्ट आधी. मी गच्चीवर कपडे वाळत घालायला गेले तर आमच्या काठीपाशी मार्तंडराव! धोतर खोचलेलं, बांबूला मिठी मारून काठी फिरवत होते. खाली बन्सी बसलाय आणि हा माणूस वर कसा आला? मी चांगलीच ओरडले.

“मार्तंडराव, हे काय चाललंय?”

ते दचकले. “काही नाही. तुमची काठी किती उंच आहे ते बघत होतो.”

“बघायला मिठी मारावी लागते?”

“तुमच्या माणसांनी तोंड भलतीकडेच केलंय. घाटाआडचं स्टेशन असं सरळ बघून सापडत नसतं.”

“ते आमचं आम्ही बघू. तुम्ही तुमचं बघा.”

“बरं,” म्हणाले आणि निमूट उतरले. हातात बांबूचं कुसळ रुतलं होतं. मी बन्सीला फैलावर घेतलं. तो म्हणतो, मला दिसलेच नाहीत. समोरून माणूस जिना चढतो आणि याला दिसत नाही! मला वाटलं आमची काठी बिघडवून गेले असतील. साहेबांना सांगितलं, ते म्हणाले आता हात लावू नका, बघू या.

संध्याकाळी सारी पेठ लोटली. सेट लावला. आधी नुसत्या पांढऱ्या मुंग्या. लोक त्यातही काय काय बघत होते. एक म्हणे घोडा दिसला, एक म्हणे देऊळ. आणि मग हळूहळू त्या मुंग्यांतून एक बाई वर आली. खरीखुरी बाई, कपाळाला कुंकू, बोलत होती. ओठ हलत होते. आवाज मात्र नाही. बन्सीने सगळ्या कळा पिळल्या. नुसती खरखर.

तेवढ्यात समोरून गलका. मार्तंडरावांच्या सेटवर बाईचा आवाज स्वच्छ येत होता, आणि चित्र मुळीच नाही.

लोकांची पळापळ सुरू झाली, इकडून तिकडे. शेवटी कुणीतरी ओरडलं, “आरं, बाई हितं आन् आवाज तितं! रस्त्यात हुबं ऱ्हावा की!” खरंच सगळे रस्त्याच्या मधोमध उभे राहिले. मार्तंडरावांनी आपला सेट दारात आणून आवाज मोठा केला. बन्सीने आमचा रस्त्याकडे वळवला. बाई आमच्या दुकानात बोलत होती आणि तिचा आवाज समोरच्या दुकानातून येत होता, आणि दोन्ही जुळत होतं. कांद्याच्या बियाण्यावर काहीतरी सांगत होती. आमच्या लोकांना त्यातलं तिच्यापेक्षा जास्त कळतं, पण सगळे देवळात उभं राहावं तसे उभे. बैलगाडी थांबली. गाडीवाला आसूड खाली करून बघत राहिला. चहा उकळेल एवढा वेळ ते चाललं. मग बाई पुन्हा मुंग्यांत बुडाली.

टाळ्या झाल्या. राधाकृष्ण साहेब खूश, “चित्र कॅरोलचं! टीव्ही म्हणजे चित्र!” मलाही अभिमान वाटला. काठी फिरवूनही मार्तंडरावांना आमचं चित्र घालवता आलं नाही.

टाळ्या वाजत असताना मी पाठीमागे वळून बघितलं. ह्यांना सांगायला. सवय जात नाही.

६ ऑक्टोबर, शनिवार

दसरा. पान्हे, पक्कड, मीटर यांची पूजा केली. टीव्हीलाही झेंडू वाहिला. परवानंतर चित्र पुन्हा असं आलं नाही, काल अंधुक सावल्या तेवढ्या.

आप्पासाहेबांच्या वस्तीवर सेट आजपासून नांदवायला पाठवला. साहेबांना न विचारता. विचारलं असतं तर नाही म्हणाले असते.

१४ ऑक्टोबर, रविवार

आठ दिवस झाले. बन्सी रोज संध्याकाळी सायकलवरून वस्तीवर जात होता. काठी विहिरीवर लावली, पाण्याच्या टाकीवर लावली, चिंचेवर लावली. मुंग्यांशिवाय काही नाही. एकदा अर्धा मिनिट कुणाचं तरी कोपर दिसलं. आज आप्पासाहेब स्वतः आले.

“वैनी, ठिवून टाकतो पेटी. लिवा बुकिंग.”

“चित्र येत नाही, आप्पासाहेब.”

“नसूं दे. दिवानखान्यात पेटी असली म्हंजी झालं. वर आमच्या मंडळीनं विनलेला रुमाल टाकू. दिवाळीला पावनं आलं की त्यांनी बघितलं पायजे, बास.”

“आणि लावा म्हणाले तर?”

“लाइट न्हाई म्हनू. लाइट कवा असतीया आपल्याकडं?” मग खाली वाकून म्हणाले, “आयका. मी घेतली की भावकीतलं नऊ-धा जन घेत्यात. तुमाला साहेबानं धाच सांगितल्यात न्हवं? पेठेत सगळ्यांना ठावं हाय. तुमचं बी काम, आमचं बी काम.”

मी म्हटलं, उद्या सांगते. ते जाताना म्हणाले, “पुंजारामाला मार्तंडरावानं सांगितलंय, सुरदीपची मशीन यायला साल लागंल. म्हंजी मीच पयला.”

वर्षभर! समोर सेट मांडून ठेवलाय आणि विकायला वर्ष? सुरदीप फारच मागे पडलेली दिसते.

बन्सीला विचारलं, काय करू? तो म्हणाला, “तुमी म्हनाल तसं.” पण त्याची धाकटी लेक लग्नाला आली आहे, आणि त्याने माझ्याकडे बघितलं नाही.

१५ ऑक्टोबर, सोमवार

आप्पासाहेबांना नाही म्हटलं.

ह्यांनी काय केलं असतं, असा विचार मी केला नाही. हे गेले. उद्या दुकानात बसायचं आहे ते मला. आज माणूस रुमाल टाकून ठेवीन म्हणतो. दिवाळी सरेल, पाहुणे जातील. मग रोज दिवाणखान्यात ती बंद पेटी बघून त्याला कुणाची आठवण येईल? माझी. आणि दहा घरांत दहा पेट्या.

त्यांना म्हटलं, “ज्या दिवशी तुमच्या वस्तीवर बाई दिसेल आणि बोलेल, त्या दिवशी पहिला सेट तुमचा. पुंजारामाच्या आधी.”

आप्पासाहेब खूप वेळ मिशीवर हात फिरवत राहिले. “वैनी, धंदा जमायचा न्हाई तुमाला,” म्हणाले. रागाने म्हणाले की नाही ते कळलं नाही. मग नेहमीच्या सेटसाठी बॅटऱ्या घेऊन गेले.

बन्सीला सांगितलं. तो म्हणाला, “बरं.” मग दुपारभर शीळ घालत काम करत होता. माणसाचं काही समजत नाही.

१७ ऑक्टोबर, बुधवार

काल राधाकृष्ण साहेब आले. बुकिंग किती म्हणून विचारलं. मी म्हटलं, एकही नाही, आणि कारणही सांगितलं. त्यांनी बॅग मिटली. या वेळी मॅडम म्हणाले नाहीत. “ठीक आहे. मग आमचा मार्ग मोकळा.”

आणि सरळ समोर गेले. मार्तंडरावांच्या दुकानात!

लीनावहिनींनी आतून चहा आणला. साहेब हसून हसून बोलत होते, बॅगेतून कागद काढून दाखवत होते. मला सगळं कळलं. सुरदीप सोडून कॅरोल घ्या, म्हणत असणार. पंधरा वर्षं जिला नावं ठेवली ती एजन्सी आता हा माणूस घेणार. मी स्टुलावर बसले.

मग एकदम मार्तंडरावांचा आवाज चढला. ते उभे राहिले होते.

“तुमचा कॅरोलचा डबा माझ्या दुकानात? फुकट दिलात तरी नको! आणि या पेठेत दुसरा कोण घेतो तेही मी बघतो!”

साहेब कागद गोळा करत बाहेर पडले. मी सुटले, पण मनातून फार लागलं. ह्यांनी आयुष्यभर जो सेट विकला त्याला भर रस्त्यात डबा म्हणायचं? न घ्यायचा तर नका घेऊ, पण ही भाषा?

आज कळलं ते त्याहून वाईट. साहेब काल मुक्कामाला राहिले आणि आज सायकलवाल्यांकडे, घड्याळवाल्यांकडे, शिलाई मशीनवाल्यांकडे फिरले. सगळ्यांनी नाही म्हटलं. बन्सी म्हणाला, “मार्तंडराव सकाळीच सगळ्यांकडं जाऊन आलते.” म्हणजे पेठेत कॅरोलचं नावच राहू नये, एकटी सुरदीप राहावी, एवढा द्वेष! गेलेल्या माणसाशीही वैर संपत नाही.

मी बन्सीला हे बोलले. तो तोंड उघडून काही सांगणार होता, मग सोल्डरिंगची लोखंडी कांडी तापली का ते बघायला लागला.

२४ ऑक्टोबर, बुधवार

कंपनीचं पत्र आलं. तीनदा वाचलं. संगमनेरसाठी दुसरा योग्य एजंट उपलब्ध न झाल्याने एजन्सी श्रीमती मनकर्णा रंगनाथ गुंजाळ यांच्या नावावर करण्यात येत आहे. टीव्हीची बुकिंगं प्रक्षेपण सुधारेपर्यंत स्थगित.

माझं पूर्ण नाव छापील अक्षरांत मी प्रथमच पाहिलं. योग्य एजंट नाही असं त्यांनी म्हटलंय, पण तसं लिहावं लागत असेल. मुंबईत कुणीतरी शहाणं माणूस असणार, ज्याला कळलं की खोटा माल न विकणारी बाई बरी. बन्सीच्या हातात पत्र दिलं. त्याने ते उलटं धरून वाचलं आणि देवापुढे ठेवलं.

मग मी पदर खोचला आणि रस्ता ओलांडून समोर गेले. मला ते त्यांच्या तोंडावर सांगायचं होतं.

“मार्तंडराव, एजन्सी माझ्या नावावर झाली. तुमच्या नाकावर टिच्चून.”

त्यांनी वर्तमानपत्र खाली ठेवलं. “झाली?”

“झाली.”

“म्हणजे आता हे डबे आणखी वीस वर्षं आमच्या डोळ्यांसमोर.”

“डबा कुणाला म्हणता? चित्र आमचं होतं, सगळ्या पेठेने बघितलंय.”

“चित्र कसलं? मुंग्या होत्या.”

“मुंग्यांत बाई होती. तुमच्याकडे मुंग्याच होत्या.”

“आवाज तर होता!”

“आवाज रेडिओलाही असतो. त्यासाठी काठी कशाला उभी केली?”

मार्तंडराव हसायला लागले. मोठ्याने, मान मागे टाकून. रस्त्यावरची माणसं बघायला लागली. मग त्यांनी चष्मा काढला आणि धोतराच्या सोग्याने डोळे पुसत राहिले. आत तोंड करून म्हणाले, “अहो, तळणीचा धूर फार झालाय!” आत लीनावहिनी करंज्यांना मुरड घालत बसल्या होत्या. तळण अजून सुरूच व्हायचं होतं. त्यांनीही वर बघितलं नाही. वयाबरोबर मार्तंडरावांचे डोळे अधू झाले असावेत. सोल्डरिंगच्या धुराने होतं तसं.

मी आणखी दोन शब्द ऐकवले. त्यांनी चार ऐकवले. सुरदीपच्या स्पीकरविषयी बोलले तेव्हा ते खरंच चिडले. लीनावहिनींनी बळेच चार करंज्या, तळायच्या आधीच, पानात बांधून दिल्या, घरी तळा म्हणाल्या.

हे त्यांच्याशी भांडून आले की दोन भाकऱ्या जास्त खायचे. मला तेव्हा समजायचं नाही, एवढं चिडलेल्या माणसाला भूक कशी लागते. आज घरी येऊन करंज्या तळल्या, चारही खाल्ल्या. मग परत भाकरी थापायला बसले.